जीप नेमकी कुठून बोलते? जुन्या फोर-व्हीलचा आवाज शोधताना

भोरहून कापूरहोळकडे येताना सरळ पट्टा लागला आणि वेग 40 च्या पुढे गेला, की माझी जीप थरथरायला लागायची. 35 ला काही नाही. 40 ला सीटखाली झिणझिण्या, 45 ला ट्रान्सफरचा, म्हणजे फोर-व्हील टाकायचा, दांडा हातात धरवत नाही, आणि सोबत एक घोगरा गुरगुराट. तो कुठून येतो ते मात्र सांगता येत नव्हतं. मागे बसलेला म्हणायचा पुढून येतोय, पुढे बसलेला म्हणायचा मागून. जुन्या जीपमध्ये असंच होतं. चासीचे दोन लांब दांडे आवाज या टोकाकडून त्या टोकाकडे पोचवतात आणि मधला पत्रा तो मोठा करून ऐकवतो.

दोन महिन्यांत मला चार निदानं मिळाली. आधी टायर, मग चाकांचं बॅलन्सिंग, मग हबचं बेअरिंग. शेवटी एका गॅरेजात सांगितलं की क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली मुख्य गिअरची जोडी) गेलंय, नवीन टाका. आवाज कधी येतो आणि कधी येत नाही, हे कुणीही विचारलं नाही. ते विचारलं पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर घेताना भेटलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. सगळे त्यांना चाचा म्हणतात. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, "साहेब, कुठून येतो ते सोडा. कशाबरोबर येतो ते सांगा."

हा लेख त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

इंजिनापासून चाकापर्यंतची वाट

दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून, अमेरिकेतल्या विलिस कंपनीची जी जीप मोठ्या प्रमाणावर बनली, तिचाच सांगाडा आपल्याकडे पुढची अनेक दशकं चालला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्राने मुंबईत माझगावला या जीप जोडायला सुरुवात केली. नंतर पेट्रोलची डिझेल इंजिनं झाली, गिअरबॉक्स बदलले, लांबी वाढली, पण मूळ मांडणी तीच राहिली. त्यामुळे सीजे मॉडेल असो, 540 असो की त्यानंतरची एखादी, पुढचं बहुतेक सगळं तिला लागू पडतं. ज्या जुन्या पिकअपला फोर-व्हीलचा दांडा हाताने टाकावा लागतो, तिलाही.

इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते. गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला दुसरा डबा म्हणजे ट्रान्सफर. तिथे वाटा फुटतात. एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, एक पुढे. प्रत्येक शाफ्टच्या दोन टोकांना एकेक क्रॉस असतो, म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा, ज्याच्या चारही टोकांना सुईसारखी बारीक बेअरिंग असतात. शाफ्ट वाकड्या कोनात असूनही फिरू शकतो तो या क्रॉसमुळे. पुढे डिफ (डिफरन्शियल), म्हणजे शाफ्टची ताकद दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटून देणारा डबा, डिफमध्ये पिनियन आणि क्राऊन, तिथून ॲक्सल, हब आणि चाक.

जुन्या जीपच्या मागे वाकून पाहिलंत तर डिफचा गोल फुगवटा मधोमध दिसत नाही, एका बाजूला असतो. त्याचं कारण ट्रान्सफरमध्ये आहे. त्या डब्यात ताकद सरळ आरपार जात नाही. एका गिअरमधून मधल्या गिअरमध्ये आणि तिथून बाजूच्या तिसऱ्या गिअरमध्ये उतरते, मगच शाफ्टला मिळते. तुम्ही टू-व्हीलवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या ताकदीवर, डांबरी रस्त्याने जात असलात तरी हे तीन गिअर एकमेकांत फिरतच असतात. म्हणून धडधाकट जीपसुद्धा थोडी गाते. पहिल्यांदाच जीप घेतलेले लोक या गाण्याला घाबरून ट्रान्सफर उघडतात. तसं करू नका. आधी त्याच जातीच्या दुसऱ्या एखाद्या जीपमध्ये बसून या, म्हणजे नेहमीचा आवाज कोणता ते कानाला कळेल. आमच्याकडच्या वडापच्या (शेअर जीपच्या) ड्रायव्हरांना हे ज्ञान फुकट मिळालेलं असतं. रोज त्याच गाडीत, त्याच घाटात, अठरा माणसं घेऊन जाताना आवाजात जरा फरक पडला की त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप वर येतो.

मोजता येतो, झिणझिण्या येतात, की सूर लागतो?

आता गणित. माझ्या जीपच्या क्राऊनला 43 दात आहेत आणि पिनियनला 8. 43 ला 8 ने भागलं की 5.38 येतात. म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टला 5 फेऱ्या आणि वर एक तृतीयांशाहून थोडी जास्त फेरी मारावी लागते. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, तो कसा काढायचा ते खाली सांगतो.

16 इंची रिमवरचा साधा जीपचा टायर एका फेरीत साधारण 2.2 मीटर पुढे जातो. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. तेव्हा चाक सेकंदाला 5 वेळा फिरतं, शाफ्ट 27 वेळा, आणि क्राऊनचे दात पिनियनला सेकंदाला सुमारे 217 वेळा भिडतात.

हे तीन आकडे कानाला आणि अंगाला अगदी वेगवेगळे जाणवतात, आणि सगळं निदान या फरकावर उभं आहे.

सेकंदाला 5 म्हणजे धक्के. वेग 20 वर आणलात तर ते अडीच होतात आणि बोटांवर मोजता येतात. धप्, धप्, धप्. असा आवाज असेल तर दोष चाकाच्या वेगाने फिरणाऱ्या कशात तरी आहे: टायरला आलेला फुगा, वाकलेली रिम, लंबवर्तुळ झालेला ब्रेक ड्रम, ढिले व्हील नट.

सेकंदाला 27 किंवा त्याच्या दुप्पट म्हणजे झिणझिण्या. हा मोजता येत नाही आणि त्याला सूरही नसतो. फोन व्हायब्रेटवर असताना टेबल जसं थरथरतं तसा तो सीटमधून, फ्लोअरमधून, दांड्यातून येतो. इथे संशय शाफ्टवर घ्यायचा.

सेकंदाला 217 म्हणजे सूर. पेटीवरची पांढरी सहा 220 ची असते, म्हणजे 40 च्या वेगाला माझं डिफ जवळपास पांढरी सहात घुमतं. फोनवर गायकांसाठीचं ट्यूनर ॲप असतं. ते शेजारच्या माणसाच्या हातात देऊन पाहा. आकडा गणिताशी जुळला तर तुम्ही बॉनेट किंवा डिफ काहीच न उघडता दात मोजलेत. (वेग मात्र फोनच्या जीपीएसवर बघा. जुन्या जीपच्या काट्यावर विसंबू नका.)

ट्रान्सफरही गातं, पण वरच्या पट्टीत. तिथले गिअर शाफ्टच्या वेगाने फिरतात आणि त्यांना पंचवीस-तीस दात असतात. 27 गुणिले तेवढे दात म्हणजे सेकंदाला सातशे-आठशे. डिफपेक्षा जवळपास पावणेदोन सप्तकं वर. म्हणून डिफचा आवाज घुमतो आणि ट्रान्सफरचा शिट्टीसारखा कानाला लागतो. दोन्ही "गिअरचेच आवाज" आहेत, पण कानाने वेगळे काढता येतात.

फार हळू वेगात आणखी सोपी परीक्षा आहे. टायरवर खडूने एक रेघ ओढा. कुणाला तरी पहिल्या गिअरला, लो रेंजमध्ये (ट्रान्सफरच्या हळू गिअरात), चालण्याच्या वेगाने जीप न्यायला सांगा आणि तुम्ही शेजारून चाला. रेघ एकदा फिरून येईपर्यंत "चीक" किती वेळा झालं? एकदा झालं तर ब्रेक किंवा हब. पाच-सहा वेळा झालं तर शाफ्टचा क्रॉस, आणि बहुतेक वेळा तो फक्त कोरडा पडलेला असतो. क्रॉसच्या मधोमध ग्रीसचं निपल असेल तर ग्रीस गन लावा आणि चारही टोकांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबा. तीन टोकांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर त्या चौथ्या टोकाच्या सुया आतून पिठासारख्या झाल्या असणार. तो क्रॉस बदलायचा. त्या टोकाभोवती तांबूस गंजाची पूड दिसली तर ग्रीस दाबून बघायचीही गरज नाही.

एकच वेग, तीन वेळा

मोकळा, सपाट रस्ता घ्या. चौथ्या गिअरला 40 ने जा आणि ऐका. मग त्याच 40 ला तिसऱ्यात जा. मग क्षणभर न्यूट्रल करून जीप वाहू द्या. (हे सपाटीलाच. घाटात उतारावर न्यूट्रल कधीही नाही.)

चौथ्यात इंजिन आणि शाफ्ट जवळपास एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे चौथ्यात दोघांचे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. तिसऱ्यात गेलं की इंजिन जास्त फिरतं, शाफ्ट आणि चाक मात्र तेवढंच. आवाज इंजिनाबरोबर चढला तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात, क्लचमध्ये किंवा इंजिनातच आहे. चढला नाही तर तो ट्रान्सफरमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. न्यूट्रलमध्येही तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच दोघेही निर्दोष सुटले.

पुढचा प्रश्न पायाचा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर दातांची एक बाजू ओझं घेते, सोडल्यावर दुसरी. सूर फक्त दाबल्यावर किंवा फक्त सोडल्यावर येत असेल, तर दोष ओझ्याखाली असलेल्या दातांत किंवा त्यांना धरणाऱ्या बेअरिंगमध्ये आहे. विशेषतः पाय सोडल्यावरच डिफ हुंकार देऊ लागलं तर पिनियनचा नट आणि त्याचं बेअरिंग आधी बघा. पिनियनच्या तोंडाशी सील गळत असेल तर दोन्ही गोष्टी एकच कहाणी सांगतात. तेल कमी झालं, बेअरिंग झिजलं, पिनियन हलू लागला.

पायाचा काही परिणामच होत नसेल तर स्टिअरिंगला विचारा. रिकाम्या रस्त्यावर जीप हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना ओझं उजव्या चाकावर जातं. तेव्हा घरघर वाढली आणि उलट्या बाजूला कमी झाली तर उजवं व्हील बेअरिंग. टायरचा आवाज यातून सहज ओळखू येतो, कारण तो रस्ता बदलला की बदलतो. डांबरावरून काँक्रीटवर, काँक्रीटवरून मातीवर. मिलिटरी पॅटर्नचे जाड नक्षीचे टायर घातलेल्या जीपमध्ये तर डांबरावर तासन्‌तास समुद्रासारखी गाज असते आणि लोक ती डिफची समजतात. मातीवर उतरताच गाज गेली तर डिफला हात लावू नका.

फोर-व्हीलचा फायदा निदानात

साध्या गाडीला नसलेली एक सोय आपल्याकडे आहे. आपण गाडीचे भाग एकेक करून थांबवू शकतो.

ट्रान्सफरला हाय आणि लोच्या मध्ये न्यूट्रल असतो. जीप सपाटीवर उभी करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, ट्रान्सफर न्यूट्रलला घ्या आणि गिअरबॉक्स दुसऱ्या-तिसऱ्यात टाकून क्लच सोडा. जीप जागेवरच राहील, पण गिअरबॉक्स पूर्ण फिरेल आणि ट्रान्सफरचा मधला गिअरही फिरेल. दोन्ही शाफ्ट आणि दोन्ही डिफ थांबलेले. इंजिन आणि क्लच आधीच सुटले असतील, तर आता आलेला आवाज या दोन डब्यांतलाच. आला नाही तर मागचं बघा. एक अडचण लक्षात ठेवा: इथे गिअरवर ओझं नसतं, त्यामुळे फक्त ओझ्याखाली येणारा आवाज या परीक्षेतून निसटू शकतो. आवाज आला तर पुरावा पक्का. न आला तर अर्धाच.

क्लचचं थोडक्यात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर बंद होत असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग, किंवा डिझेलच्या हिसक्यांनी न्यूट्रलमध्ये खडखडणारे दात. हा खडखडाट जुन्या डिझेलला असतोच.

पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब (चाक ॲक्सलपासून मोकळं करता येणारे) असतील तर ते मोकळे करून टू-व्हीलवर चक्कर मारा. पुढचे ॲक्सल, पुढचं डिफ, पुढचा शाफ्ट सगळे झोपलेले. आवाज गेला तर तो पुढचा होता. हब लॉक करून, दांडा टू-व्हीललाच ठेवून पुन्हा जा. पुढचं सगळं रिकामं फिरेल. आवाज परत आला की पत्ता सापडला. हब अर्धवट बसला असेल तर "कर्रर्र" अशी दात घसरल्याची आरोळी येते. ती ऐकल्यावर पुढे जाऊच नका, थांबून हब नीट फिरवा.

हब नसतील तर पुढचा शाफ्ट चक्क काढून ठेवता येतो. दोन्ही टोकांचे बोल्ट सोडायचे, अर्ध्या तासाचं काम. जीप मागच्या चाकांवर व्यवस्थित चालते.

इथे फोर-व्हीलचा एक आवाज सांगायलाच हवा, जो आजार नसून वापराची चूक आहे. या जीपच्या ट्रान्सफरमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफ नसतं. फोर-व्हील टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. आता वळणाचा विचार करा. मागचा ॲक्सल 5 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरला, तर 2.3 मीटरच्या व्हीलबेसमुळे पुढचा साडेपाच मीटरच्या वर्तुळात जातो. एका पूर्ण चकरेत पुढच्याला 3 मीटर जास्त जायचंय, म्हणजे चाकाच्या एका फेरीहूनही जास्त. चिखलात चाक घसरून तो हिशेब मिटवतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, मग शाफ्ट आणि ॲक्सल पिळले जातात, स्टिअरिंग जड होतं, दांडा निघता निघत नाही, आणि मध्येच "कडाड" करून पीळ सुटतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हेच होतं. व्यासात फक्त 2 सेंटिमीटरचा फरक असला तरी दर किलोमीटरला जवळपास 28 मीटरचा हिशेब चुकतो. तेव्हा फोर-व्हीलमध्येच कडकडाट येत असेल तर आधी विचारा, मी कोरड्या रस्त्यावर आहे का, आणि चारही टायर सारखे आहेत का.

जॅक लावण्याआधी

हे जरा थांबून वाचा. बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक चाकावर नसतो. त्याचा ड्रम ट्रान्सफरच्या मागच्या तोंडाशी, शाफ्टवर असतो. दोन्ही मागची चाकं जमिनीवर असतील तर तो घट्ट धरतो. एक चाक जॅकवर उचललं की तो धरत नाही. शाफ्ट थांबलेला असला तरी डिफमुळे वरचं चाक एकीकडे आणि जमिनीवरचं दुसरीकडे फिरू शकतं, आणि जीप जॅकवरून उतरते. गिअरमध्ये ठेवूनही हेच होतं. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि ॲक्सलखाली भक्कम स्टँड, त्याशिवाय खाली जायचं नाही. फोर-व्हील टाकून, आणि हब असतील तर ते लॉक ठेवून, फक्त मागची चाकं उचलली आणि इंजिन लावलं, तर पुढची चाकं जीप ओढून नेतील. चालू शाफ्टच्या जवळ सैल बाही, ओढणी, पंचा काहीही नको.

एवढी काळजी घेतली की एका जॅकवर बरंच कळतं. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, मागचं एक चाक वर. शाफ्टवर खडूची रेघ ओढा आणि उचललेलं चाक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. दुसरं चाक स्थिर असल्यामुळे वरच्या चाकाच्या दोन फेऱ्या म्हणजे क्राऊनची एक. त्यात शाफ्ट जितका फिरला तो तुमच्या गाडीचा आकडा.

मग चाक खाली घ्या, दगड तसेच ठेवा आणि शाफ्ट दोन्ही हातांनी पकडून पुढे-मागे पिळा. थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागेल, तो कुठे आहे ते बोटांनी बघा. एक बोट क्रॉसला दोन्हीकडून धरणाऱ्या फोर्कवर एकदम टेकवा. दोन्ही फोर्क बरोबर हलले तर क्रॉस ठीक. एक हलून दुसरा जरा उशिरा आला तर क्रॉस गेला, कारण क्रॉसमध्ये प्ले अजिबात नको. डिफमध्ये मात्र थोडा हवाच. क्राऊन आणि पिनियनच्या दातांमध्ये साधारण 0.15 ते 0.25 मिलिमीटर जागा ठेवलेली असते, दोन कागद सरकतील एवढी. तिथून शाफ्टवर येईपर्यंत ती बरीच मोठी भासते, म्हणून "डिफमध्ये प्ले आहे" एवढ्यावर कुणी क्राऊन-पिनियन बदलायला सांगितलं तर थांबा. आणि गाडी सुटताना "ठक" येत असेल तर पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्टही तपासा. ते ढिले असले किंवा पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला असला, तर अख्खा ॲक्सल सरकून तोच आवाज देतो.

शेवटी तेल. डिफचा भरायचा प्लग काढून करंगळी आत वाकवा. प्लगच्या काठापर्यंत तेल लागायला हवं. थोडं काढून पांढऱ्या थाळीत उन्हात बघा. राखाडी चमकदार मळी असेल तर ती नेहमीची झीज. बोटांत चुरचुरणारे कण किंवा सुईसारखे तुकडे असतील तर बेअरिंग किंवा दात गेले. चहासारखा दुधट रंग म्हणजे ओढ्यातलं पाणी आत गेलंय. तसं झालं असेल तर ॲक्सलवरची ब्रीदरची बारीक नळीही बघा. ती चिखलाने बुजली की गरम हवेला बाहेर जायला वाट राहत नाही आणि ती सीलमधून तेल ढकलते. गिअरबॉक्सचं तेल कमी आणि ट्रान्सफरचं वाजवीपेक्षा जास्त असं आढळलं, तर मधलं सील गेल्यामुळे ते एकातून दुसऱ्यात सरकलंय. गळती बाहेर कुठेच दिसत नाही, म्हणून हे महिनोन्‌महिने कळत नाही.

माझ्या जीपचं उत्तर

चाचांच्या प्रश्नानंतर मी घरी जाऊन हे सगळं क्रमाने केलं. 40 ला चौथ्यात थरथर, तिसऱ्यात तेवढीच, न्यूट्रलमध्येही तेवढीच. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. पाय दाबला काय, सोडला काय, फरक नाही. झुलवल्यावर फरक नाही. मातीवरही तशीच. हब मोकळे केले तरी तशीच. मोजता येत नव्हती आणि तिला सूरही नव्हता. गुरगुराट म्हणून जे ऐकू येत होतं ते सैल पत्र्यांचं होतं, मूळ गोष्ट झिणझिण्याच. सगळी बोटं मागच्या शाफ्टकडे वळली.

आणि मागच्या शाफ्टचे क्रॉस मी तीन महिन्यांपूर्वीच बदलून घेतले होते. नवे होते, म्हणून माझा आणि सगळ्यांचाच संशय तिकडे गेला नव्हता.

क्रॉसचा एक गुण असा की तो कोनात फिरताना एकसारखा वेग देत नाही. सांधा 10 अंशांत वाकलेला असेल तर पलीकडच्या तुकड्याचा वेग दर फेरीत दोनदा दीड टक्क्याने वाढतो आणि दोनदा तेवढाच कमी होतो. ही खोड मोडता येत नाही, म्हणून शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा क्रॉस लावतात. पहिला जिथे घाई करतो तिथे दुसरा हळू होतो, आणि डिफपर्यंत सरळ वेग पोचतो. मात्र त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत असावे लागतात. शाफ्टमध्ये खाचांचा सरकता जोड असतो, आणि दुरुस्तीत तो पूर्ण ओढून काढला तर परत घालताना चुकीच्या खाचेत बसू शकतो. तसं झालं की एक क्रॉस दुसऱ्याची चूक सावरत नाही, उलट त्यात भर घालतो. दर फेरीत दोनदा, म्हणजे 40 च्या वेगाला सेकंदाला 54 वेळा.

जीपखाली आडवा होऊन बॅटरी मारली. एक फोर्क उभा होता. दुसरा त्याच्यापासून चांगलाच तिरका, दोन खाचा पुढे गेलेला. जोडावर कारखान्याने ठोकलेले बाण असतात. ते ग्रीस आणि मातीच्या थराखाली होते. केरोसीनच्या फडक्याने पुसल्यावर दिसले, एकमेकांकडे न बघणारे.

मागच्या टोकाचे बोल्ट सोडले, जोड ओढला, बाण समोरासमोर आणले, परत घातला. चहा होईपर्यंतचं काम. संध्याकाळी त्याच पट्ट्यावर 40, 45, 50. दांडा शांत. ट्रान्सफर नेहमीसारखं वरच्या पट्टीत गात होतं आणि डिफ खाली घुमत होतं.

त्या जोडावर आता मी पांढऱ्या रंगाची जाड पट्टी मारून ठेवली आहे, दोन्ही तुकड्यांवरून सलग.